आखूड काडतूस

थेक्ला विमर चिडली की आवाज चढवत नाही. तिचा आवाज खाली जातो, आणि समोरच्याला कळतं की आता आपलं काही खरं नाही.

कारखान्यातल्या फोरमन लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. लोखंडाची भुकटी दाबून गिअर बनवायच्या प्रेसवर तिनं उभा जन्म काढला. एकदा नव्या फोरमननं काम भराभर व्हावं म्हणून प्रेसची बोटं वाचवणारी जाळी काढून ठेवली. हिनं बटण बंद केलं, डबा उलटा ठेवला आणि त्यावर बसली. मागची सगळी रांग थांबली. फोरमन बोंबलत आला तर ही म्हणाली, "बोट माझं आहे. जाळी लाव, मग बोल." जाळी लागली. तोवर ती सफरचंद खात बसली होती.

लोक तिला खडूस म्हणतात. म्हणू देत. ज्यांची बोटं शाबूत आहेत त्यांनी तरी म्हणू नये.

तर अशी ही बाई, नवरा मेल्यावर एकटी राहणारी, वर्षातून एकदा सुट्टी घ्यायची, ती हरणाच्या शिकारीच्या सीझनला. उत्तर पेनसिल्व्हेनियात सीझन उघडतो त्या सोमवारी कारखाने बंद, शाळा बंद, चर्चमधला फादरसुद्धा शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून गायब. थेक्लाच्या बापानं चार दोस्तांना घेऊन डोंगराच्या उतारावर, ओढ्याच्या वर, फळ्यांचा कॅम्प बांधला होता. त्या चौघांतला आता एकच उरलाय, म्हातारा अर्व्हिड. बाकी कॅम्पावर राज्य थेक्लाच्या धाकट्या भावाचं, बर्नीचं.

बर्नीच्या मनात एक जुनं ठुसठुसतंय. बापाचे डोळे गेले तेव्हा बापानं आपली पंप रायफल पोराला दिली नाही, पोरीला दिली. हेमलॉकच्या झाडाच्या बुंध्यापाशी असलेली आपली दबा धरायची बैठकसुद्धा तिलाच दिली. बर्नी तेव्हा हसला होता. हसण्याशिवाय करणार काय, सगळे बघत होते.

त्या कॅम्पाचा एक नियम आहे. तसा तो तिथल्या सगळ्याच कॅम्पांत आहे. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, त्यावर नाव आणि वर्ष लिहायचं आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायचं. भिंत चौकड्यांच्या चिंध्यांनी भरलेली आहे. थेक्लाच्या बापानं वरून एक जोड दिली होती: लागोपाठ दोन वर्षं चुकला त्यानं बैठक सोडायची आणि हाका घालणाऱ्यांत जायचं, म्हणजे काट्याकुट्यांतून आरडत चालायचं आणि हरीण दुसऱ्याच्या पुढ्यात न्यायचं.

मागच्या वर्षी थेक्ला चुकली होती. सरळ चुकली. रायफलीवरच्या दुर्बिणीवर बाष्प होतं आणि तिनं पुसलं नव्हतं. तिनं मुकाट्यानं शर्ट पुढे केला. म्हणजे या वर्षी चुकली तर बापाची बैठक गेली. हे तिला माहीत होतं आणि बर्नीला तर तिच्याहून जास्त माहीत होतं.

सीझनच्या आदल्या संध्याकाळी बर्नीचा पोरगा डेरिक नवी रायफल घेऊन आला. पंपच. तिकडे कायद्यानं हरणावर आपोआप भरणारी चालत नाही, म्हणून घरटी पंप. पुढचा दस्ता मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलायचा, नवं काडतूस आत. डेरिकची होती आखूड नळीची, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. त्यानं ती जेवायच्या टेबलावर अशी ठेवली की जणू बाळाचं बारसं आहे.

मग सुरू झालं. नवीच्या बोल्टला, म्हणजे काडतुसामागे बसणाऱ्या खिट्टीला, चार जाड दात आहेत, जुनीच्या बोल्टला बारीक बारीक दातांच्या ओळी. चार जाड दात घट्ट बसतात आणि पुसायला सोपे. नवीला पाऊस लागो की बर्फ, दस्ता फुगत नाही. जुनीचं अक्रोडाचं लाकूड, त्याचे लाड करावे लागतात. थेक्ला ऐकत होती. दातांचं खरं आहे, असं ती स्वतःच म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आहे. पण नवीचं पोलाद तिला डांबर फासल्यासारखं वाटलं आणि पंप ओढून पाहिला तर वाळूत फावडं ओढल्यासारखा. बापाच्या रायफलीचा पुढचा दस्ता गोल, कडी कडीचा, सोललेल्या मक्याच्या कणसासारखा. तिचे सांधे थंडीत आखडतात, तरी त्या कड्यांत बोटं आपोआप बसतात. आणि तो पंप इतका मऊ झालाय की हात नुसता विचार करतो आणि तो मागे आलेला असतो.

"पण आत्या, चालताना तुझी खुळखुळते," डेरिक म्हणाला. "हरणाला आधीच निरोप जातो."

"तुझ्या तोंडापेक्षा कमीच खुळखुळते."

सगळे हसले. डेरिकही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. पोरगा वाईट नव्हता. बापासमोर मोठं दिसायची फार घाई होती त्याला.

झोपण्याआधी नेहमीप्रमाणे रायफली भिंतीच्या खाचांत उभ्या राहिल्या आणि भरलेली मॅगझिनं, म्हणजे काडतुसांचे डबे, टेबलावर एका ओळीत. घरात भरलेली बंदूक नको, हाही बापाचाच नियम. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. जुनी पंप आणि नवी पंप, सगळं बदललं, पण मॅगझिनचा डबा तोच राहिला. एकीचा दुसरीत बसतो. थेक्लाची काडतुसं लांब, डेरिकची आखूड, गोळी दोन्हींची सारख्याच जाडीची. लांब काडतूस आखूडवाल्या रायफलीत शिरत नाही, बोल्ट बंदच होत नाही. पण आखूड काडतूस लांबवालीत शिरतं. शिरतं, बोल्ट बंद होतो, आणि माणसाला काही कळत नाही.

म्हणून बापानं थेक्लाला शिकवलं होतं, मॅगझिन उचललं की टॉर्च लाव आणि वरचं काडतूस बघ. ती दर वर्षी बघायची.

त्या पहाटे बर्नी तव्यावर बकव्हीटच्या पिठाचे घावन टाकत होता. पाठमोऱ्यानंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यानं सांगायला सुरुवात केली की पुढच्या वर्षी हेमलॉकपाशी शिडीची बैठक लावायची, डेरिकनं विकतही आणलीये, गाडीतच पडलीये. समोरच्या दोन फांद्या मात्र छाटाव्या लागतील.

थेक्लाच्या हातातला काटा थांबला. ती म्हणाली, "मी अजून चुकले नाहीये."

"अगं, मी कुठं म्हटलं?" बर्नी म्हणाला. "तयारी असलेली बरी. तुझे हात बघ की. सकाळी कॉफीचा कप धरवत नाही तुला."

तिनं ताट तसंच सरकवलं. जाकीट घातलं, रायफल काढली, टेबलावरून मॅगझिन उचललं आणि दार आपटून बाहेर. टॉर्च नाही, काडतूस नाही, काही बघितलं नाही. ओढा पार करेपर्यंत ती मनात भावाला शिव्या मोजत होती. बैठकीवर पोचल्यावर अंधारातच मॅगझिन बसवलं, कणीस मागे ओढलं, पुढे ढकललं. बोल्ट बसला.

उजाडलं. खारींनी दंगा केला. मग वरच्या बाजूनं एक नर उतरत आला, रुंद शिंगांचा, मान फुगलेली, नाक जमिनीला. इतका जवळ आला की तिला त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. थेक्लानं दुर्बीण पुसलेली होती. तिनं खांद्यामागची जागा धरली आणि चाप ओढला.

आवाज विचित्र झाला. धक्का नेहमीचा नाही, आणि गालावर गरम फुंकर. हरीण कमरेत वाकलं आणि पळालं. ओढ्यापाशी जाऊन थांबलं सुद्धा, मागे वळून बघत. दुसरी गोळी सहज बसली असती. थेक्लानं पंप ओढला आणि पंप हललाच नाही. तिनं पुन्हा ओढला. मांडीवर दस्ता आपटला, बुंध्यावर आपटला. जो पंप नुसत्या विचारानं मागे यायचा, तो गंजलेल्या कडीसारखा बसला होता. हरीण चार पावलं चाललं, थांबलं, आणि झाडीत गेलं.

तेव्हा तिनं बापाच्या रायफलीला शिवी दिली. मोठ्यानं, आईवरून. म्हणाली, खरं बोलत होते रांडेचे, तू मेलीस. हे तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं.

हरीण उभं होतं तिथं बर्फावर केस होते, आखूड आणि पांढरे, पोटाकडचे. थोडं पुढे रक्त, पातळ आणि काळपट. गोळी मागे सरकली, पोटात लागली. अशा हरणाच्या मागे लगेच जायचं नसतं, बसू द्यायचं असतं. आणि हातात बंद पडलेली बंदूक. ती कॅम्पावर परत आली.

दुपारी सगळे जेवायला जमले तेव्हा कात्री टेबलावरच होती. त्या दरीत प्रत्येक जण दुसऱ्याचे बार ऐकतो. हेमलॉककडून एक बार आला होता आणि हरीण आलं नव्हतं. बर्नीचा चेहरा दिवाळी झाल्यासारखा. त्यानं कात्री दोन वेळा हवेत चालवली.

थेक्ला म्हणाली की रक्त आहे, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. बर्नी म्हणाला की रक्त काय, ओठ चावला तरी येतं. मग तिनं सांगितलं की पंप अडकला. तिला सांगावंच लागलं. बर्नीनं हात पसरले आणि सगळ्यांकडे असं बघितलं की बघा, मी काल काय म्हणत होतो. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, की बंदुकीचंही वय होतं, माणसाचंही होतं, यात लाज कसली. डेरिक घेवड्याच्या सुपात खाली बघत होता. वर बघतच नव्हता.

अर्व्हिडनं रायफल घेतली. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. नळी साफ करायची कांब तोंडाकडून आत घातली आणि तळहातानं ठोकू लागला. तिसऱ्या चौथ्या ठोक्याला पंप सुटला आणि पुंगळी टणकन टेबलावर पडली.

सगळे बघत राहिले. ती पुंगळीसारखी दिसतच नव्हती. बुटकी, सरळसोट, मान नाहीशी झालेली, एका बाजूनं उभी चिरलेली. अर्व्हिडनं थेक्लाच्या खिशातलं एक लांब काडतूस मागून घेतलं आणि शेजारी उभं केलं. मग त्यानं ते मॅगझिन उचललं आणि वरचं काडतूस अंगठ्यानं बाहेर सरकवलं. आखूड.

त्या कॅम्पात आखूड काडतुसं एकाच माणसाची होती.

थेक्लाला समजायला वेळ लागला नाही. पण ती पुंगळीकडे बघत नव्हती. ती डेरिककडे बघत होती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं: माझ्याकडे याचं मॅगझिन होतं, तर याच्याकडे माझं होतं. आणि माझं काडतूस याच्या बंदुकीत शिरतच नाही.

तिचा आवाज खाली गेला. "सकाळी तुझा बोल्ट बंद झाला का रे?"

डेरिकनं चमचा ठेवला. "नाही."

"मग?"

"खिशात सुटी काडतुसं होती. ती भरली."

"कधी?"

"उजाडायच्या आधी."

"म्हणजे तुला माहीत होतं. माझ्या बंदुकीत काय आहे ते तुला माहीत होतं, आणि तू ओढ्याच्या पलीकडे बसलास. हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

डेरिक पुटपुटला की त्याला वाटलं आत्या बघेल, आत्या नेहमी बघते. आणि हाक मारली असती तर सगळ्यांची सकाळ वाया गेली असती, हरणं पळाली असती. मग थोड्या वेळानं, अजूनच हळू, की काल एवढं बोलल्यावर नवी बंदूक पहिल्याच सकाळी अडकली हे कुणाला सांगणार.

बर्नी मध्ये पडला. पोरगं आहे, चूक होते, असं बोलून झालं. शिवाय, आणि इथं त्याला पुन्हा जोर आला, आपल्या मॅगझिनमध्ये काय आहे ते बघणं ज्याचं त्याचं काम. बाबांनी शिकवलं नव्हतं का?

"शिकवलं होतं," थेक्ला म्हणाली. "मी बघितलं नाही. ते माझं आहे. माझा वाटा मला माहीत आहे, बर्नी. पण त्याला माहीत होतं. नळी फाटून माझ्या तोंडावर आली असती तर तू हीच कात्री घेऊन आला असतास का?"

अर्व्हिड एवढंच म्हणाला की आज या रायफलीतून बार काढू नकोस, आधी कुणाकडून तरी तपासून घे.

थेक्ला उठली. भिंतीवरची डेरिकची नवी रायफल काढली, टेबलावरचं त्याचं मॅगझिन उचललं, टॉर्च लावून भर दुपारी वरचं काडतूस बघितलं, आणि डेरिकला म्हणाली, "ऊठ. हरीण तुझंही आहे."

बर्नी म्हणाला की दुपारी हाका घालायचाय, पोराची गरज आहे. ती थांबली नाही. पोरगा बापाकडे बघून, तिच्याकडे बघून, शेवटी निघाला.

माग काढणं सोपं नव्हतं. पोटात लागलेलं हरीण फार रक्त सांडत नाही. थेक्ला पुढे, वाकलेली. एक थेंब सापडला की डेरिकला तिथं उभं करायची आणि पुढचा शोधायची. तो सापडला की त्याला तिथवर बोलवायची. बोलवायची म्हणजे बोट करायची. अख्ख्या वाटेत ती एक अक्षर बोलली नाही. डेरिकनं दोनदा सुरुवात केली आणि तिची पाठ बघून गिळून टाकली. एके ठिकाणी हरीण बसून उठलं होतं, बर्फ वितळून खळगा पडला होता आणि त्यात हिरवट घाण. तिनं डेरिकला मानेला धरून खाली वाकवलं आणि त्याला ते नीट बघायला लावलं. मग पुढे.

दलदलीच्या कडेला, आडव्या पडलेल्या झाडाआड ते बसलं होतं. डोकं वर, डोळे उघडे, उठायची ताकद गेलेली. सकाळपासून ते असंच मरत होतं. थेक्लानं नवी रायफल खांद्याला लावली. पंप कडक होता, बोटांना कड्या सापडत नव्हत्या, प्लास्टिक थंडगार. पण निशाणी स्थिर राहिली. एकच बार. हरणाची मान खाली आली.

पुंगळी झटकन बाहेर पडली, गुळगुळीत. तिनं ती बर्फातून उचलून खिशात टाकली आणि रायफल डेरिकच्या हातात दिली.

"बंदूक चांगली आहे," ती म्हणाली. "काल उगाच नावं ठेवली मी तिला. वाईट काय आहे ते तुला ठाऊक आहे."

दोघांनी हरीण ओढत आणलं. तिनं अर्धं वजन ओढलं, आखडलेल्या हातांनी, आणि त्याला एकट्यानं ओढू दिलं नाही, कारण मग त्याला वाटलं असतं की फिटलं.

कॅम्पावर दिवे लागायच्या बेताला होते. हरीण टांगल्यावर ती आत गेली, जाकीट काढलं, कात्री उचलली आणि सगळ्यांदेखत आपल्याच शर्टाचं टोक कापलं. बर्नीला आधी कळेचना. मग तो उजळला. म्हणजे दोन वर्षं झाली, असं तो म्हणालाही.

"बैठक जाते हरीण चुकलेल्याची," थेक्ला म्हणाली. "माझं बाहेर टांगलंय, जा बघून ये. हे वेगळ्या चुकीचं आहे." तिनं चिंधीवर नाव लिहिलं, वर्ष लिहिलं आणि खाली लिहिलं: न बघता भरलं. खिळा ठोकला. मग कात्री घेऊन डेरिककडे वळली.

बर्नी उभा राहिला. त्यानं ठणकावून सांगितलं की पोरानं एकही बार काढलेला नाही, बार नाही तर चूक नाही, नियम म्हणजे नियम. आणि माझ्या पोराच्या अंगाला हात लावायचा नाही. त्याचं नरडं फुगलं होतं. थेक्ला त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती डेरिकसमोर उभी होती, कात्री उघडी.

डेरिकनं शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला. चेहरा रागानं आणि लाजेनं काळानिळा, डोळे कुठंतरी छपरात. त्याला हे अजिबात आवडलेलं नव्हतं. पण बाहेर काढला.

तिनं टोक कापलं, चांगलं हातभर, नवा कोरा फ्लॅनेल होता. त्यावर लिहिलं: डेरिक, माहीत असून गप्प बसला. आणि ते आपल्या चिंधीच्या वर ठोकलं, दारातून येणाऱ्याला पहिलं दिसेल तिथं.

बर्नी म्हणाला, "उद्या फाडून टाकतो मी ते."

"फाड. मग तुझंही लावीन."

म्हातारा अर्व्हिड खोकल्यासारखा काहीतरी आवाज करून सुपाकडे वळला. तो हसला की खोकला, ते त्यालाच माहीत.

थेक्ला सुरी घेऊन बाहेर गेली. कातडं गरम असतानाच सोललेलं बरं. थोड्या वेळानं दार वाजलं आणि डेरिक येऊन शेजारी उभा राहिला, फाटका शर्ट लोंबतोय, हात खिशात. तिनं मान न वळवता त्याला मागचा पाय वर धरायला सांगितला. त्यानं धरला.

"बोल आता," ती म्हणाली. "दिवसभर गप्प होतास."

मग तो बोलायला लागला. बोल्ट बंद झाला नाही तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं, मॅगझिन काढून बघितल्यावर दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो, आत्या यंदा चुकली की बैठक तुझी असं बापानं वाटेत येताना कसं सांगून ठेवलं होतं, आणि तिचा बार ऐकल्यावरही मनाच्या एका कोपऱ्यात ती शिडीची बैठक कशी दिसत होती. काही लपवलं नाही त्यानं. थेक्ला सुरी चालवत ऐकत होती, आणि जसजसं ऐकत गेली तसतशी आणखी चिडत गेली.